सात भावांची बहीण

मैत्रिणींनो, ‘लग्न झालं नि गाणं सुटलं’ असं आपल्यापैकी कितीजणी सांगतात! म्हणून आज सीसी वायनन्सची ओळख करून देते. ही अमेरिकेतली गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत गाणारी गायिका. १९६४ साली डेट्रॉइटला जन्मली. दहा भावंडांत आठवी, सात भावांच्या पाठची पहिली मुलगी! चर्चमध्ये गाता गाताच गळा तयार झाला. पुढे बीबी या भावाबरोबर जोडीनं गाऊन नाव मिळवलं. १९८४ साली लग्न झालं, मग दोन मुलं. पण गाणं काही सुटलं नाही. १९९५ साली एकटीचा पहिला आल्बम निघाला, त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. व्हिटनी ह्यूस्टन तिची जिवलग मैत्रीण. १९९६ साली दोघींचं एकत्र गाणं गाजलं आणि २०१२ साली याच मैत्रिणीच्या अंत्यविधीला तिला गावं लागलं. केवढं मन घट्ट केलं असेल! २०२२ साली, सत्तावन्न वर्षांची असताना, तिनं आणखी तीन ग्रॅमी मिळवली.

तेव्हा पेटीवरची धूळ झटका बघू! मुलं शाळेत गेली की अर्धा तास सूर लावा. शेजारीण काय म्हणेल, ते नंतर पाहू.