चाकांवरचा ओटा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या टेबलावर येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं. 'सहलीहून परत आले की मला सुट्टी हवी असते.' लिहिणारी कधी बार्शीची असते, कधी चाळीसगावची, कधी सावंतवाडीची. घर बंद करण्याआधीची आवराआवर, दशम्या-चटणीचा डबा, पोरांचे स्वेटर, सासऱ्यांच्या गोळ्या आणि परत आल्यावर धुण्याचा ढीग. मधले चार दिवस आपण कुठे होतो, ते तिला फोटो बघून कळतं! मैत्रिणींनो, या वेळी मी त्याच विषयावर लिहिणार आहे. उदाहरण मात्र लांबचं आहे, अगदी साता समुद्रापलीकडचं.

२०२३ च्या जुलैमध्ये मी आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे अ‍ॅडलेडला गेले. जुलैत तिकडे थंडी. भाच्याच्या शाळेला सुट्टी होती आणि बहिणीच्या यजमानांनी कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, उलुरूपर्यंत जायचं ठरवलं होतं. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं घर. आत एक मोठा पलंग, एकावर एक दोन बंक, जेवणाचं टेबल दुमडलं की त्याचाही बिछाना. आणि खिडकीला लागून दीड हात लांबीचा ओटा! दोन शेगड्या, एक सिंक, खाली गुडघ्याएवढा फ्रीज. गाडी चालू असताना आत कुणी बसायचं नाही, तसा तिथला कायदाच आहे. सगळे पुढच्या गाडीत आणि घर आपलं मागून येतंय. आईला पहिले दोन दिवस याचीच काळजी. "दार नीट लावलंय ना गं?" असं ती दर तासाला मागे वळून विचारायची.

ऑस्ट्रेलिया भारताच्या दुपटीहून मोठा, आणि माणसं जेमतेम पावणेतीन कोटी. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढीसुद्धा नाहीत. त्यातली बहुतेक समुद्राकाठच्या शहरांत. आतला जो प्रचंड कोरडा मुलूख, त्याला आउटबॅक म्हणतात. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत स्टुअर्ट हायवे नावाचा सुमारे २,७०० किलोमीटरचा एकच रस्ता त्यातून जातो. माती तांबडी लाल, लोखंडाच्या गंजाने रंगलेली. एका टप्प्यात जवळजवळ अडीचशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही. समोरून तीन-तीन डबे जोडलेले, ५३ मीटर लांबीचे ट्रक येतात, त्यांना रोड ट्रेन म्हणतात. शेजारून गेला की आपलं घर डुलतं. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून अंधारायच्या आत मुक्काम गाठायचा. आई दुष्काळी माण तालुक्यातली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "आपल्या माणदेशासारखंच आहे गं, पण संपतच नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं, ओठ फुटले. बहिणीने विचारलं, "आई, पाणी किती प्यायलीस?" आई गप्प. सकाळपासून दोन घोट! का, ते मी तुम्हाला सांगायला नको. एसटीने निघायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, हे आपल्यातल्या किती जणी आजही करतात. मधल्या स्टँडवरच्या टॉयलेटचं दार लागेल की नाही, पाणी असेल की नाही, ड्रायव्हरला थांबा म्हणायचं कसं... त्यापेक्षा घसा कोरडा बरा. सत्तरीतल्या आईच्या अंगात ही सवय इतकी मुरलेली, की स्वतःचं टॉयलेट मागे ओढत नेणाऱ्या गाडीतही ती तहानेली बसली होती. आणि वाळवंटात तहानेलं राहणं म्हणजे चेष्टा नाही. कडाक्याच्या थंडीतसुद्धा तिथली कोरडी हवा अंगातलं पाणी शोषून घेते. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला, दर दीड तासाला गाडी बाजूला घ्यायची. कुणी मागो न मागो. मागावं लागलं असतं, तर आईने कधीच मागितलं नसतं.

आता ओट्याकडे वळू. पहिल्या दोन्ही मुक्कामांवर काय झालं असेल, ओळखा! गाडी थांबली, बहिणीने कुकर काढला, मी कांदा चिरायला घेतला, आईने भाकरीचं पीठ मळलं. बहिणीचे यजमान आणि भाचा बाहेर खुर्च्या टाकून मावळता सूर्य बघत बसले. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. घरी जे होतं तेच चाकांवर झालं. फरक एकच. घरी स्वयंपाकघर आत असतं, दाराआड. इथे चौघं-पाचजण एका खोलीएवढ्या जागेत. ताट कुणी घेतलं, कुणी विसळलं, कुणी नुसतंच पुढे सरकवलं, सगळं सगळ्यांना दिसतं. बहीण मला हळूच म्हणाली, "ताई, एवढं लांब आलो आणि दोन्ही दिवसांचा सूर्यास्त मी पाहिलाच नाही." सूर्यास्ताची आणि कुकरची वेळ एकच ना!

कूबर पीडीच्या मुक्कामी तिने एक जुनं पाकीट उलटं करून त्यावर कामं लिहायला घेतली. एकवीस निघाली. त्यात पुरुषांची म्हणून गृहीत धरलेलीही होती. कॅरॅव्हॅन गाडीला जोडणं-सोडवणं, गॅसची टाकी बघणं, पाणी भरणं. गाडी दोघं आळीपाळीने चालवत होते, तेही लिहिलं. पण गंमत अशी की जोडणं-सोडवणं दिवसातून एकदा, आणि जेवण-चहा-भांडी मिळून सात वेळा. हे कागदावर आलं तेव्हा यजमान खरंच चकित झाले. भांडणाची वेळ आली नाही, कारण आकडे समोर होते. मग चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली.

सगळ्यात नकोसं काम कुणाच्या वाट्याला? कॅरॅव्हॅनच्या टॉयलेटखाली एक सरकती टाकी असते, ती दोन दिवसांनी ओढून काढून ठरलेल्या जागी रिकामी करून धुवायची. ते निघालं जावईबापूंच्या नावावर. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "जावयाने हे करायचं? मी मेले का?" असं म्हणून ती उठलीच. त्यांनी तिला शांतपणे बसवलं आणि टाकी घेऊन निघून गेले. (त्यांची आरती ओवाळायला हा लेख लिहीत नाहीये. तीच टाकी बहिणीने नेली असती तर मी हे वाक्य लिहिलं तरी असतं का, असा मला प्रश्न पडतो.)

पण त्या पाकिटावर एक ओळ होती, जिने खरा घोळ केला. 'आई : आराम.' तिच्या मुलींनी मोठ्या प्रेमाने लिहिलेली. आई रुसली. दोन जेवणं मुकाट्याने जेवली. शेवटी म्हणाली, "मला काय अडगळीत टाकताय?" जन्मभर जिच्या हातांशिवाय घर चाललं नाही, तिला एका ओळीत कामावरून काढून टाकलं होतं आम्ही. वाटणी करताना तिला विचारलंच नव्हतं! मग भाच्याने दात घासताना नळ वाहता ठेवला आणि प्रश्न आपोआप सुटला. दोन्ही टाक्या मिळून दीडशे लिटर पाणी, माणसं पाच, पुढचं भरणं कुठे ते नक्की नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई ती. तिने पाण्याचं खातं ताब्यात घेतलं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, अंघोळ एका तांब्यात अंग पुसून, दात घासायला अर्धा पेला. टाकीवरच्या दिव्यांवर तिचा विश्वास नाही, ती तांबे मोजायची. उरलेल्या प्रवासात पाण्याची एकदाही ओढाताण झाली नाही आणि भाकरीला तिने हात लावला नाही. भाकऱ्या मी थापल्या. त्यांचे आकार तिने निमूट सोसले.

कूबर पीडीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. १९१५ पासून हे ओपल नावाच्या रत्नाच्या खाणींचं गाव. उन्हाळा इतका कडक, की निम्म्याहून अधिक लोक टेकडीच्या पोटात घरं कोरून राहतात. पाणी इतकं मोलाचं, की नाणं टाकून भरायचं यंत्र आहे. तिथे फे नेलर नावाच्या बाईने दोन मैत्रिणींच्या मदतीने कुदळ-फावड्याने आपलं घर खोदलं, काही वर्षं घालवून. आत पोहण्याचा तलावसुद्धा काढला! बायकांनी हातांनी खोदलेलं घर म्हटल्यावर आईने विचारलं, "ओटा कुठल्या बाजूला ठेवला?"

उलुरू हा ३४८ मीटर उंचीचा एकसंध खडक. तिथले मूळ मालक अनांगू लोक, त्यांना १९८५ साली ही जमीन परत मिळाली. तो त्यांच्या श्रद्धेचा डोंगर, वर चढू नका असं ते किती वर्षं सांगत होते. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं बंद झालं. पायथ्याच्या दहा किलोमीटरच्या वाटेवर काही जागांचे फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत. त्यातल्या काही जागा फक्त बायकांच्या, तिथल्या गोष्टी पुरुषांना सांगत नाहीत. पाटी वाचून यजमानांनी कॅमेरा खाली घेतला. आईने लांबूनच हात जोडले.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जला 'स्कूल ऑफ द एअर' बघितली. तिथे बघण्याजोगं पुष्कळ आहे, पण मी अडकले इथेच. आउटबॅकमधली जनावरांची कुरणं एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर, शाळा येणार कुठून? अ‍ॅडलेड मिथके या शिक्षिकेच्या कल्पनेतून १९५१ मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. फ्लाइंग डॉक्टरांसाठी जो रेडिओ होता, त्याच्यावरच. आता धडे इंटरनेटवरून होतात. या एका शाळेचा आवाका १३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे चार महाराष्ट्रांहून मोठा. शिक्षिका पडद्यावर, पण मुलाशेजारी दिवसभर बसणारी, वह्या तपासणारी, वळण लावणारी 'होम ट्यूटर' कोण? बहुतेक घरांत आई. तिला पगार नाही. १९७१ साली स्थापन झालेली तिथल्या पालकांची संघटना या कामासाठी सरकारी भत्ता मागत आली आहे, वर्षानुवर्षं. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी वर्गखोली म्हणून जिचं कौतुक होतं, ती उभी आहे हजेरीपटावर नाव नसलेल्या बायकांवर. शिक्षक घरी येत नाही तेव्हा शाळा घरी येते, आणि घरी आलेलं प्रत्येक काम शेवटी कुणाच्या पदरात पडतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्याच गावाबाहेर जुनं तारघर आहे. १९३२ ते १९४२ या काळात तिथे 'बंगलो' नावाच्या वसतिगृहात आदिवासी आयांपासून तोडून आणलेली मिश्र वंशाची मुलं ठेवली जात. सरकारनेच आणलेली. पुढे २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. एकाच गावात एकीच्या लेकरासाठी शाळा घरापर्यंत नेली, आणि त्याआधी दुसरीचं लेकरू घरातून उचललं होतं. आई तारघराच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. आम्हीही तिला उठवलं नाही.

तिथल्या वीस डॉलरच्या नोटेवर एका बाजूला मेरी रेबी आहे. पोरवयात घोडा चोरल्याबद्दल इंग्लंडहून हद्दपार झालेली आणि पुढे मोठी व्यापारी बनलेली बाई. दुसऱ्या बाजूला जॉन फ्लिन, ज्यांच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये फ्लाइंग डॉक्टर सेवा उडाली. भाच्याने ती नोट आजीला दाखवली. आजीने ती त्याच्याकडून ठेवून घेतली, अजून तिच्या पाकिटात आहे.

आपल्याकडेही २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच आहे. भाडं आपल्यातल्या किती जणींना परवडेल हा प्रश्न राहतोच. पण कॅरॅव्हॅन येवो न येवो, रस्त्याकडेला दर पन्नास किलोमीटरवर दार लागणारं, पाणी असणारं टॉयलेट हवं, हे माझं जुनंच म्हणणं आता जास्त पक्कं झालं आहे. बायकांचं पर्यटन वाढवायचं असेल तर जाहिरातीचे फलक नंतर लावा, आधी कडी बसवा!

आणि या दिवाळीत तुम्ही कुठे निघणार असाल, गणपतीपुळ्याला, शेगावला नाहीतर नुसतं आत्याच्या गावाला, तर निघण्याआधी एक जुनं पाकीट उलटं करा. कामं लिहा, सगळ्यांना बोलावून लिहा, म्हाताऱ्यांनाही विचारा. परत आल्यावर ते पाकीट आम्हाला पाठवून द्या. किती कामं निघाली, कुठल्या कामावरून वाजलं आणि टाकी कुणाच्या नावावर आली, तेवढं मागच्या बाजूला लिहायला विसरू नका.