बाराखडी मोकळी सोडा

दिलेल्या अक्षरांतून शब्द शोधण्याची स्पर्धा आपल्याकडे मराठी भाषा गौरव दिनी, म्हणजे 27 फेब्रुवारीला, मोठ्या हौसेने घेतली जाते. यंदाही झाली. फळ्यावर पाच अक्षरे लिहिली होती : च, क, र, म, ल. नियम असा, की अक्षरे जशी आहेत तशीच वापरायची. काना, मात्रा, वेलांटी, उकार काही जोडायचे नाही. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने चाकर, कचेरी, मालक, कोमल, मुलूक असे चांगले डझनभर शब्द काढले होते. परीक्षकांनी त्यांवर तांबडी रेघ ओढली. उरले कमल, कलम, मकर आणि चमक. बक्षीस दुसरीकडे गेले. ते जावो; परंतु हा नियमच मराठीला परका आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा नियम इंग्रजीच्या सावलीत वाढलेला दिसतो. स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने 1930 च्या दशकातील मंदीत, हाताला काम नसताना, रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्राची पाने मोजून ठरवले. त्या खेळात 100 सोंगट्या. दोन कोऱ्या वगळता उरलेल्या 98 पैकी 42 स्वरांच्या. कारण उघड आहे. इंग्रजीत स्वर हे स्वतंत्र अक्षर आहे आणि ते हाती नसेल तर खेळाडू अडून बसतो. आपले तसे नाही. आपल्या व्यंजनाच्या पोटात 'अ' असतोच. गवत, नजर, सरबत, मगर यांत एकही काना-मात्रा नाही, तरी कुणाचे काही अडत नाही. मग इतर स्वरांनीच काय घोडे मारले? ते व्यंजनाच्या डोक्यावर, पायाशी, पुढेमागे बसतात. स्वतःची जागा मागत नाहीत. म्हणूनच आपण लहानपणी 'क, का, कि, की' एका दमात म्हणतो. ते बारा जण एकाच घरचे.

तेव्हा नियम असा हवा : व्यंजने द्यावीत, बाराखडी मोकळी ठेवावी आणि जोडाक्षर फोडून मोजावे. मग पाहा काय होते. च, क, र एवढी तीनच व्यंजने घ्या, प्रत्येक एकदाच वापरा, क्रम हवा तसा बदला. चक्र, चकोर, चाकर, चिकार, चुकार, चौकार, कचरा, कचेरी, रोचक, रेचक! चंद्राच्या चकोरापासून वैद्याच्या रेचकापर्यंत सगळी मराठी तीन अक्षरांत. जुन्या नियमाने यांतला एकही शब्द पदरात पडत नाही.

क, म, ल ची गंमत आणखी वेगळी. मालक, मालकी, मुलूक, मुलकी हे शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, पण मूळचे अरबी. अरबीत म-ल-क या तीन व्यंजनांचा एक धातू आहे आणि मालक व मुलूक ही त्याचीच भावंडे. म्हणजे व्यंजने तीच ठेवून स्वर फिरवायचे हा त्या भाषेत खेळ नव्हे, शब्द घडवण्याची रीतच आहे. आपल्या स्पर्धेत ज्या मुलीने मालक आणि मुलूक शेजारी शेजारी लिहिले, तिने नकळत हे नाते हुडकले होते. भाषेच्या विद्यार्थ्याकडून याहून अधिक काय हवे?

यावर एका प्राध्यापकांनी शब्दकोड्याचा दाखला दिला. तिथे 'का' च्या चौकोनात आडवा आणि उभा दोन्ही शब्दांना 'का'च लागतो, हे खरे. (कोडे रचणाऱ्यांचे मला नेहमी कौतुक वाटते.) पण तिथे अक्षराची जागा ठरलेली असते. शोधाच्या खेळात जागाच मोकळी. मग मात्रेला कोंडून काय साधते? खेळ फार सोपा होईल ही भीतीही व्यर्थ आहे. वरचे दहा शब्द पाहिल्यावर सोपे वाटतात, एवढेच.

बंधने हवीतच. शब्दारंभी येणारा स्वतंत्र 'अ' अक्षर मानावा. च आणि क वर 'अचूक' देऊ नये. अनुस्वार मोकळा ठेवावा, म्हणजे नगराबरोबर नांगरही येईल. ल आणि ळ मात्र वेगळेच. वेल आणि वेळ एक नव्हेत. ळ ने मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून भेंड्यांत ळ आला की लोक ल घेऊन वेळ मारून नेतात. शोधाच्या खेळात ळ ला मधल्या किंवा शेवटच्या घरात हक्काची जागा मिळते.

उत्तरे तपासणार कशी, हा प्रश्न राहिला. छापील कोश पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला; दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड उलटले तरी च-क-र चे शब्द एका ठिकाणी सापडायचे नाहीत. संगणकाला मात्र हे सहज जमते. युनिकोडमध्ये 'कचेरी' हा शब्द क, च, मात्रा, र, वेलांटी असा सुटा साठवलेला असतो आणि 'चक्र'मध्ये पाय मोडल्याची खूण वेगळी असते. या खुणा गाळल्या की दोन्हींत तीच तीन व्यंजने उरतात. ज्याला थोडीफार आज्ञावली लिहिता येते त्याने शब्दयादी घेऊन बसावे. एका सुटीचे काम आहे.

वाङ्मय मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा नियमबदल मांडणार आहे. विरोधकांनी तोवर प, त, र घेऊन बसावे. पत्रापासून पोतेऱ्यापर्यंत बरेच काही निघते.