कावीळ समजून हिवताप सुटू नये

थंडी वाजून ताप, मग घाम, हे हिवतापाचे चित्र सर्वांना पाठ आहे. रुग्ण मात्र नेहमी तसा येत नाही. कुणाचे डोळे पिवळे पडतात आणि घरचे काविळीचे औषध शोधत फिरतात. कुणाला नुसते जुलाब, कुणी असंबद्ध बोलू लागते, लेकराला झटके येतात. प्लेटलेट घटल्या की डेंग्यूचा शिक्का बसतो. फॅल्सिपॅरम जातीचा परजीवी मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवू लागला, तर हातात काही तासच उरतात.

वाशीम हा गडचिरोलीसारखा हिवतापासाठी ओळखला जाणारा जिल्हा नाही, आणि खरा धोका इथेच आहे: संशयच येत नाही. मानोरा, मालेगावकडची माणसे कामासाठी दूरवर जातात आणि आजार अंगात घेऊन परततात. म्हणून ‘गेल्या काही महिन्यांत कुठे होता?’ हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर हवा. आशाताईंच्या किटवर बोटातल्या थेंबभर रक्ताने अर्ध्या तासाच्या आत निदान होते. ते निगेटिव्ह आले तरी संशय असल्यास रक्त पुन्हा तपासावे. पावसाळ्यात उपकेंद्रांतली किट संपू देऊ नयेत, आणि कावीळ किंवा झटके घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी जिल्हा आरोग्य विभागाने सक्तीची करावी.