रुमालाखालचा सौदा

या पानावर मी करपा, थ्रिप्स, ठिबक याच्या बाहेर सहसा जात नाही. आज जातोय. गावात परत निवडणुकीचं वारं सुरू झालंय आणि एक जुनी गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मागं एका निवडणुकीत आमच्या घरी पाकीट आलं. मी शेतात होतो, आईनं घेऊन ठेवलं. चार मतांचे दोन हजार. परत देऊ, परत देऊ म्हणत राहिलो आणि औषधाच्या दुकानातली उधारी भरताना तेच पैसे हाताला लागले. म्हणजे खाल्लेच म्हणा. पुढच्या पावसाळ्यात आमच्या पाणंदीत ट्रॅक्टर रुतायला लागले. चाळीतला कांदा डांबरीपर्यंत आणायला दोन ट्रॅक्टर जोडावे लागायचे. आम्ही सात-आठ जण निवडून आलेल्याच्या माणसाकडं गेलो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि हसत म्हणाला, "काका, तुमच्या वस्तीचा हिशेब तर तेव्हाच चुकता केलाय ना." मला तोंड वर करता आलं नाही. पाणंद आजही तशीच आहे.

तेव्हापासून मी त्या पाकिटाचा हिशेब मांडतोय, एकरी खर्च मांडतो तसा. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडं खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. मतदारसंघात तीन लाख मतदार धरा. ४० लाख म्हणजे माणशी तेरा रुपये आणि वर काही पैसे. चहा आणि बिस्किटपुडा. आता त्यातल्या निम्म्याच लोकांना पाचशे-पाचशे वाटले तर किती होतात? साडेसात कोटी. गाड्या, जेवणावळी, सभेची माणसं अजून धरलीच नाहीत. (सभेचं तर मी भोगलंय. लाल कांदा काढणीला आलेला आणि टोळी सभेला. माझ्याकडं रोज साडेतीनशे, तिकडं पाचशे, जेवण आणि गाडी. बायांना काय दोष देणार? मीच पाकीट खाल्लेला माणूस.)

साडेसात कोटी लावणारा उत्पन्न कशातून काढणार? आमदाराच्या पगारात तर निघत नाही. मग ते रस्त्याच्या ठेक्यातून, वाळूतून, बदल्यांतून निघतं. आपण दोन हजार उचलतो आणि पाच वर्षं त्याचं व्याज भरतो.

आता कायद्यातली गंमत बघा. मर्यादा आहे ती उमेदवाराला. पक्षाला मर्यादाच नाही. मोठ्या नेत्यांची यादी दिली, मान्यताप्राप्त पक्षाला ४० जणांची देता येते, की त्यांच्या हेलिकॉप्टर-विमानाचा खर्च उमेदवाराच्या वहीत येत नाही. १९७४ साली सुप्रीम कोर्टानं कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सांगितलं होतं की, पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरा. सरकारनं लगेच कायदा बदलून तो निकाल बाजूला सारला. तीन बाजूंनी तार ओढायची आणि चौथी बाजू जनावरांसाठी मोकळी सोडायची, असं हे कुंपण आहे.

पक्षाकडं पैसा येतो कुठून? इथं मला हत्ता आठवतो. तरुण पोरांनी फक्त बैलबाजारात पाहिला असेल. रुमालाखाली दलाल आणि व्यापारी एकमेकांची बोटं दाबणार, भाव त्या दोघांना कळणार, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा. धान्याचे, कापसाचे सौदेही असेच व्हायचे. बाजार समितीचा कायदा आला, उघडा लिलाव आला, तेव्हा तो रुमाल निघाला. समितीच्या नावानं आपण रोज बोटं मोडतो, पण हे काम तिनं केलं.

२०१८ साली सुरू झालेले निवडणूक रोखे हा तोच हत्ता होता. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा. देणाऱ्याला माहीत, बँकेला माहीत, घेणाऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही. माहीत नाही ते फक्त मतदाराला. त्याआधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, २०१७ मध्ये तीही अट काढली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे सगळं रद्द केलं, तोवर १६ हजार कोटींच्या वर रोखे विकले गेले होते. सगळ्यात मोठा वाटा भाजपला मिळाला, पण काँग्रेस, तृणमूल, भारत राष्ट्र समिती कुणी मागं नव्हतं. मार्क्सवादी कम्युनिस्टांनी घेतले नाहीत, तेवढं मान्य करावं लागेल. म्हणून एकाच पक्षाच्या नावानं शंख करण्यात अर्थ नाही. आणि रुमाल अजून पुरता निघालेला नाही. २० हजारांपर्यंतच्या देणगीचं नाव पक्षानं जाहीर करायची गरज आजही नाही.

कोणी म्हणेल, उघडा लिलाव एवढा चांगला, तर उमराण्यात काय चुकलं? उमराणे आपल्या देवळा तालुक्यातलं, कांद्याच्या बाजाराचं गाव. ग्रामपंचायतीच्या वेळी तिथं पदांचा लिलाव झाला, दोन कोटींच्या वर बोली गेली, मंदिराच्या कामासाठी. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं ती निवडणूकच रद्द केली, नंदुरबारमधल्या खोंडामळीचीही. तेव्हा आमच्या पारावर बरेच जण म्हणाले, निदान पैसा गावाच्या देवाला तरी चालला होता, भांडणं टळली असती. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मग वाटलं, ज्याच्याकडं दोन एकर कोरडवाहू आहे त्यानं त्या बोलीत उभं तरी कुठं राहायचं? कांदा विकायला आणलेला असतो, खुर्ची कोणी विकायला आणली? भाव उघडा सांगितला म्हणून न विकायची वस्तू विकता येत नाही. उघडी पाहिजे ती वही: कुणी दिले, कुणाला दिले, किती.

सरकारनंच निवडणुकीचा खर्च करावा असंही बोललं जातं. १९९८ साली इंद्रजित गुप्ता समितीनं रोख न देता सोयी-वस्तूंच्या रूपात मदत द्या म्हटलं होतं. मला नाही पटत. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नसताना हे अनुदान दिलं तर ते वरखर्चाला होईल आणि खालचा पैसा चालूच राहील. आधी पक्षाला मर्यादा घाला आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव लावा, मग बोलू.

ते दिल्लीत होईल तेव्हा होईल. एक गोष्ट आपल्या हातात आहे. आमदार-खासदारकीच्या उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यावा लागतो, आणि नियमाप्रमाणं एक रुपया फी भरून तो कुणालाही बघता येतो. उमेदवार असला पाहिजे, वकील असला पाहिजे, असं काही नाही. नकलाही ठरलेली फी भरून मिळतात. पुढच्या विधानसभेनंतर मी जाणार आहे. मांडव किती, गाड्या किती, जेवणाची ताटं किती लावली, हे वहीत बघायचंय, कारण आमच्या गावातली ताटं मी मोजलेली असतील. तालुक्यातून अजून दोघं-तिघं आले तर बरं, एकट्याला कचेरीत उद्या या म्हणतात. येणाऱ्यांनी कळवा. पाकिटाचं मी आईला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "मग त्याला सांगू काय?" म्हटलं, माझं नाव सांग.