टाळ्या वाजवणाऱ्यांनो

मे २०२४. ताश्कंदच्या आशियाई जिम्नॅस्टिक्स अजिंक्यपदात दीपा कर्माकरनं व्हॉल्टला सोनं मारलं. भारताचं पहिलंच. लगेच टाळ्यांचा पाऊस! थांबा जरा. जुलै २०२३ मध्ये भुवनेश्वरच्या निवड चाचणीत हीच पोरगी पहिली आली होती. तरी हांगझोऊच्या एशियाडला तिला नेलं नाही. का? तर म्हणे मागल्या १२ महिन्यांची कामगिरी दाखव! उत्तेजकाच्या प्रकरणात २१ महिन्यांची बंदी भोगून ती त्याच महिन्यात सुटलेली. कुठून दाखवणार? गोदीतला मुकादमही तसलाच – आधी फाटकाबाहेर ठेवतो, मग हजेरी विचारतो. बंदी रास्त असेल, पण एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा कुठल्या कायद्यात बसते? टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण पहिला नंबर कागदावरच कुजला, तेव्हा यादी करणाऱ्यांची गचांडी कुणी धरली?