मेंदूतला वाघाचा डोळा

चांगले धावते-खेळते पोर चौथ्या-पाचव्या वर्षी सारखे पडू लागले, पाय वाकडा पडू लागला, बोबडे बोलू लागले, की घरात पहिला शब्द निघतो तो 'नजर लागली'. मग अंगारे-धुपारे होतात आणि वर्ष निघून जाते. अशा लक्षणांची कारणे अनेक. त्यांतला एक दुर्मिळ आनुवंशिक रोग म्हणजे 'पीकेएएन'.

तो ओळखायला एमआरआय कामी येतो. हा फोटो क्ष-किरणांनी नव्हे, मोठ्या लोहचुंबकाने काढतात. म्हणून आधी मुलाचे वाळे, करदोटा, ताईत काढून ठेवा. या रोगात हालचालींना वळण देणाऱ्या मेंदूच्या खोल भागात लोह साचते. तो भाग फोटोत काळा दिसतो आणि मधोमध पांढरा ठिपका चमकतो. दोन्ही बाजूंना असे दिसले, की डॉक्टर त्याला 'वाघाचा डोळा' म्हणतात.

हे लोह गुळातून, पालेभाजीतून किंवा लोखंडी तव्यातून आलेले नसते. तेव्हा पोराचे खाणे तोडू नका. घरातल्या गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्याही थांबवू नका. दोष एका जनुकात असतो. तो २००१ साली सापडला.

आई आणि बाप, दोघांकडून तोच बिघाड आला तरच मूल आजारी पडते. आईबाप स्वतः धडधाकट असतात, पण त्यांच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका राहतो. म्हणून एकट्या सुनेला बोल लावू नका. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. नात्यात असे मूल झाले असेल, तर पुन्हा नात्यात सोयरीक जमवण्याआधी आणि पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

हा रोग मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. लोह उतरवणाऱ्या गोळ्यांची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. लोह कमी झाले, पण रोग थांबला नाही. मात्र आखडलेले अंग सैल करणारी औषधे आणि व्यायाम यांनी पोराचे हाल कमी होतात.

मग तपासणी कशाला? कारण अशीच लक्षणे 'विल्सन' नावाच्या रोगातही दिसतात. त्यात तांबे साचते, आणि त्यावर औषध आहे! ते लवकर सुरू झाले तर पोर सावरते. तेव्हा गंडेदोऱ्यात दिवस न घालवता पोराला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा.