ऑपरेशनपेक्षा उशीर घातक

"डॉक्टर, मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा लुळा पडतो म्हणे?" मुळशी तालुक्यात पंचवीस वर्षे दवाखाना चालवताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, त्याला गणती नाही.

भातलावणी संपत आली की कंबर धरून येणाऱ्यांची रीघ लागते. दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्यांची कंबर दुखणारच. हिंजवडीच्या कंपन्यांत खुर्चीवर बसून काम करणारी मुलेही आता त्याच रांगेत असतात. यातील बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. त्यांना ऑपरेशन लागत नाही आणि महागडा एमआरआयही लागत नाही. तेव्हा पुढचे वाचून कोणी धास्तावू नये.

परंतु काही वर्षांपूर्वीचा एक रुग्ण मला विसरता येत नाही. पोते उचलताना त्याच्या कंबरेत कळ आली व पायात उतरली. मी इंजेक्शन दिले, विश्रांती सांगितली. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, मी पुन्हा इंजेक्शन दिले. आणखी दोन दिवसांनी घरच्यांनी त्याला उचलून आणले. पाऊल उचलत नव्हते, लघवी अडली होती. बसायच्या जागी बधिरपणा त्याला दुसऱ्या भेटीच्या वेळीच जाणवत होता. सांगायची त्याला लाज वाटली आणि विचारायचे मला सुचले नाही. पुण्याला ऑपरेशन झाले. आज तो काठी टेकत चालतो, पण लघवीसाठी नळी कायमची मागे लागली. गावात मात्र बोलले गेले की ऑपरेशनने घात केला. घात त्या वाया गेलेल्या दोन दिवसांनी केला होता.

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. सरकलेली गादी त्यावर जोरात दाबली गेली, तर पायांतली ताकद आणि लघवी-संडासवरचा ताबा जातो. हा दाब लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांच्या आत, काढला तर नसा सावरण्याची आशा अधिक असते.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे मणक्याचा क्षय. महिनोन्महिने हटत नाही अशी पाठदुखी, बारीक ताप, घटणारे वजन ही त्याची लक्षणे. खोकला असेलच असे नाही. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात आणि वेळीच सुरू केली तर बहुतेकांना ऑपरेशनशिवाय गुण येतो. पाठीला कुबड येऊन पाय लटके पडेपर्यंत थांबले, तर मात्र काम कठीण होते.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. नुसता लावला तर बिघडत नाही. पण पाय बधिर वा दुबळा झालेला असताना पाठ तुडवून वा मणका कडकड मोडून घेऊ नका. तसेच झाडावरून पडलेल्याला किंवा ताम्हिणी घाटात अपघात झालेल्याला हात-पाय धरून झोळीसारखे उचलू नका. 108 ला फोन करा आणि मान-पाठ न वाकवता त्याला फळीवर घ्या.

त्या रुग्णानंतर कंबरदुखीच्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारतो: लघवी मोकळी होते का, बसायची जागा बधिर वाटते का, पायातून चप्पल निसटते का? बायाबापड्या संकोचतात, सुना सासूपुढे बोलत नाहीत. म्हणून घरच्यांनीच हे विचारावे. एकाचेही उत्तर काळजीचे आले, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे.